बॉक्सवर ७०००, प्रत्यक्षात ९००: एसएसडीचा वेग नेमका कुठे अडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवा एनव्हीएमई एसएसडी (पीसीआयई या वेगवान जोडणीवर चालणारा, चिपांचा बनलेला ड्राइव्ह) घेतला. बॉक्सवर वाचनाचा वेग सेकंदाला ७००० एमबीपर्यंत आणि लेखनाचा ६००० एमबीपर्यंत छापलाय. पण मोठं फोल्डर कॉपी करायला घेतलं की आकडा सुरुवातीला जरा चढतो आणि मग ९०० वर, कधी थेट ३०० वर येऊन बसतो. ड्राइव्ह खराब निघाला, नकली मिळाला की जाहिरातच खोटी?

बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. छापलेला आकडा खरा असतो, पण तो एका विशिष्ट परिस्थितीतला असतो आणि तुमचा संगणक त्या परिस्थितीत क्वचितच असतो. कारण शोधायचं असेल तर वेग किती आला यापेक्षा तो कसा पडतो हे बघा. पहिल्या सेकंदापासून एकाच पातळीला चिकटलेला वेग जोडणीतली अडचण दाखवतो. जोरात सुरू होऊन काही जीबींनंतर कोसळणारा आणि खालीच राहणारा वेग म्हणजे कॅश (झटपट लेखनाची तात्पुरती जागा) संपली. दर थोड्या वेळाने पडून परत चढणारा वेग म्हणजे ड्राइव्ह तापतोय. मोठी फाइल भरभर जाते पण हजारो छोट्या फायली रेंगाळतात, तेव्हा दोष ड्राइव्हचा नसून कामाच्या स्वरूपाचा असतो. पुढे वेगाचे सगळे आकडे दर सेकंदाचे आहेत.

छापलेला आकडा कसा मोजतात

तो आकडा सलग वाचन-लेखनाचा असतो. १२८ केबी किंवा १ एमबीचे मोठे तुकडे, एकामागून एक, आणि एका वेळी ८ किंवा ३२ मागण्या रांगेत लावलेल्या. ड्राइव्ह रिकामा, लेखन कॅशमध्ये मावेल इतकंच आणि खाली वेगवान प्रोसेसरचा चाचणीचा संगणक. म्हणून 'पर्यंत' हा शब्द तिथे छापलेला असतो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा.

आणखी एक गोष्ट सहसा बारीक अक्षरांत असते: तो आकडा त्या मालिकेतल्या मोठ्या क्षमतेच्या मॉडेलचा असतो. एसएसडीचा वेग अनेक नँड चिपांवर (डेटा साठवणाऱ्या चिपांवर) एकाच वेळी काम वाटून मिळतो. क्षमता कमी म्हणजे आतले डाय (चिपेतले सिलिकॉनचे तुकडे) कमी, आणि डाय कमी म्हणजे एकाच वेळी होणारं काम कमी. सॅमसंग ९७० ईव्हीओ प्लसच्या माहितीपत्रकात हे स्वच्छ दिसतं. १ टीबीच्या मॉडेलला लेखनाचा वेग ३३०० एमबी दिला आहे, २५० जीबीच्या मॉडेलला २३०० एमबी. कॅश संपल्यानंतरचे आकडे पाहिले तर फरक आणखी मोठा: १ टीबीला १७००, ५०० जीबीला ९०० आणि २५० जीबीला ४००. तेव्हा तुलना करताना आपल्याच क्षमतेची ओळ बघा, मालिकेच्या जाहिरातीतली नाही.

आता छोट्या फायलींचं गणित. प्रोग्रॅम एका वेळी ४ केबीची एकच मागणी करतो, ती पूर्ण झाल्यावरच पुढची करतो, असं धरा. चांगल्या टीएलसी ड्राइव्हला (टीएलसी हा नँडचा प्रकार, खुलासा पुढे आहे) अशी एक मागणी पुरी करायला साधारण ६० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १६,६०० मागण्या. त्याला ४०९६ बाइटांनी गुणलं की ६८ एमबी. क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या शेवटच्या ओळीत, जिथे ४ केबीची एकच मागणी रांगेत आणि एकच धागा (एका वेळी चालणारं एकच काम) असतो, ७००० च्या ड्राइव्हलाही वाचनात ६० ते ९० एमबी दिसतात ते यामुळेच. तो आकडा बघून ड्राइव्ह परत करायला निघू नका, तो निरोगी आहे. 'दहा लाख आयओपीएस' (सेकंदाला पुऱ्या होणाऱ्या मागण्या) हा जाहिरातीतला दुसरा आकडाही रांगा खूप खोल आणि धागे अनेक असताना मिळतो. रोजच्या वापरात रांगेत सहसा एक ते चारच मागण्या असतात. विंडोज सुरू होणं, प्रोग्रॅम उघडणं ही कामं याच प्रकारची, म्हणून ३५०० चा ड्राइव्ह काढून ७००० चा बसवला तरी तिथे फरक जाणवत नाही.

एककांचा घोळही असतो. उत्पादक १ एमबी म्हणजे १० लाख बाइट धरतो. विंडोज १०,४८,५७६ बाइट धरतं आणि तरीही एमबी असंच लिहितं. त्यामुळे ७००० चा वेग विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत सर्वांत चांगल्या स्थितीतही सुमारे ६६७६ दिसेल. ही साडेचार टक्क्यांची घट दिसण्यापुरती आहे.

वेग पहिल्यापासून एकाच ठिकाणी अडकतो: जोडणी तपासा

हे सर्वांत आधी तपासा, कारण दोन मिनिटांत निकाल लागतो आणि बऱ्याचदा उपाय फुकट असतो. प्रत्येक जोडणीची स्वतःची मर्यादा आहे आणि ती ओळखीच्या आकड्यांत दिसते:

- साटा ३ (जुन्या पद्धतीची ड्राइव्ह जोडणी): ६ गिगाबिट. ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागतात, म्हणून कमाल ६०० एमबी, प्रत्यक्षात ५५० ते ५६०.
- साटा २: याच्या निम्मं, प्रत्यक्षात २८० च्या आसपास.
- पीसीआयई ३.०: एका लेनला (डेटाच्या एका मार्गिकेला) सुमारे ९८५ एमबी. चार लेनवर प्रत्यक्षात ३५०० च्या आसपास, दोन लेनवर १७०० च्या आसपास.
- पीसीआयई ४.०: चार लेनवर प्रत्यक्षात ७००० ते ७४००.
- पीसीआयई ५.०: चार लेनवर १४,००० च्या आसपास.

तुमचा आकडा यातल्या एखाद्या खालच्या पायरीवर बरोबर बसत असेल तर ड्राइव्हला दोष देऊ नका. ७००० चा ड्राइव्ह ३५०० वर अडकला की तो पीसीआयई ३.० वर चाललाय. १७०० वर अडकला की दोनच लेन मिळाल्यात. ५५० वर अडकला की तो साटा ड्राइव्ह आहे. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब अशा त्याच पट्टीत साटाही येतो आणि एनव्हीएमईही. पट्टीच्या टोकाला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटाची असते, एक खाच असेल तर बहुधा एनव्हीएमईची. खात्री मात्र मॉडेल नंबरवरूनच करायची.

तपासायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. 'ट्रान्सफर मोड' या ओळीत दोन मूल्यं दिसतात: आधी सध्याची जोडणी, उभ्या रेघेनंतर ड्राइव्हची क्षमता. डावीकडे 'पीसीआयई ३.० एक्स४' आणि उजवीकडे 'पीसीआयई ४.० एक्स४' असेल तर निदान तिथेच झालं. लिनक्सवर एलएसपीसीआय या आज्ञेच्या सविस्तर उत्तरात जोडणीची स्थिती दाखवणाऱ्या ओळीत हीच माहिती मिळते. वेग किंवा लेन कमी मिळत असतील तर तिथे 'डाउनग्रेडेड' असा शेराही असतो.

मग जोडणी खाली का आली ते बघायचं. प्रोसेसरच जुना असू शकतो: इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंत डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये पीसीआयई ४.० नाही आणि एएमडीच्या रायझन ५६००जी, ५७००जी या ग्राफिक्स असलेल्या चिपांमध्येही नाही, मग मदरबोर्डवर ४.० लिहिलेलं असो वा नसो. दुसरं कारण स्लॉट. एएमडीच्या बी५५० मदरबोर्डवर प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ स्लॉट ४.० चा असतो, चिपसेटमागचा (मदरबोर्डवरच्या मदतनीस चिपमधून जाणारा) ३.० चा. ड्राइव्ह उचलून वरच्या स्लॉटमध्ये बसवला की वेग दुप्पट होतो, खर्च शून्य. काही मदरबोर्डवर एम.२ चा एखादा स्लॉट साटा पोर्टांशी किंवा दुसऱ्या पीसीआयई स्लॉटशी लेन वाटून घेतो. ती माहिती मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या तक्त्याखालच्या टिपेत असते, आणि ती टीप वाचायलाच हवी.

चिपसेटमागच्या स्लॉटची आणखी एक मर्यादा आहे. चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यात एकच रस्ता असतो आणि त्यावर साटा, यूएसबी, नेटवर्क आणि दुसरा एम.२ असे सगळेच धावतात. इंटेलच्या डीएमआय ३.० वर (या रस्त्याचं इंटेलचं नाव) चार लेन असताना हा रस्ता ३९०० एमबीच्या आसपास संपतो. चिपसेटमागे दोन वेगवान ड्राइव्ह लावून एकातून दुसऱ्यात कॉपी केली की दोघंही त्याच रस्त्यात अडकतात.

हे सगळं बरोबर असूनही लेन कमी दिसत असतील तर संगणक बंद करा, वीज काढा, ड्राइव्ह काढून पुन्हा बसवा. पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात सरकवून पूर्ण आत जायला हवी. सोनेरी पट्ट्या बाहेर डोकावत असतील तर ती अर्धवटच बसली आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानावर) त्या स्लॉटचा वेग 'जेन ३' ला कुणी बांधून तर ठेवला नाही ना, तेही बघा.

बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हची कथा वेगळी. ४० एमबीच्या आसपास वेग मिळतोय म्हणजे जोडणी यूएसबी २.० वर पडली आहे. फोन चार्ज करायच्या बऱ्याच टाइप-सी केबलींमध्ये वेगवान डेटाच्या तारा नसतातच. ५ गिगाबिटच्या पोर्टवर ४०० ते ४५०, १० गिगाबिटवर १००० ते १०५० मिळतात. २० गिगाबिटचा म्हणून विकलेला ड्राइव्ह २००० द्यायचा असेल तर संगणकाचा पोर्टही '२x२' हवा. तो नसेल तर ड्राइव्ह १० गिगाबिटवर उतरतो आणि १००० च्या वर जात नाही. थंडरबोल्ट ४ चा पोर्ट म्हणजे सगळं चालतं असं समजू नका, तिथेही हा २x२ प्रकार असेलच असं नाही.

जोरात सुरू होतो आणि कोसळतो: कॅश संपली

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या असतात, आणि हे नीट समजून घेतलं तर पुढची खरेदी शहाणपणाने होते.

आजचे बहुतेक ड्राइव्ह टीएलसी किंवा क्यूएलसी नँडचे आहेत. टीएलसीच्या एका सेलमध्ये ३ बिट, क्यूएलसीच्या सेलमध्ये ४ बिट. ३ बिट म्हणजे विद्युतभाराच्या ८ पातळ्या, ४ बिट म्हणजे १६. इतक्या जवळजवळच्या पातळ्यांवर अचूक भार ठेवायचा तर कंट्रोलरला (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला) तो हळूहळू, पुन्हा पुन्हा तपासत भरावा लागतो. म्हणून लेखन मंद. यावर उपाय म्हणून ड्राइव्ह आपल्याच रिकाम्या सेलचा काही भाग १ बिटाच्या पद्धतीने वापरतो. तिथे दोनच पातळ्या, त्यामुळे लेखन झटपट. हीच एसएलसी कॅश. जाहिरातीतला लेखनाचा वेग या कॅशचा असतो, मूळ नँडचा नव्हे.

या सोयीची किंमत जागेत मोजावी लागते. टीएलसीमध्ये ३ बिटांच्या जागी १ बिट लिहिला जातो, म्हणजे १०० जीबीची कॅश वापरायला ३०० जीबी रिकामी जागा अडते. क्यूएलसीमध्ये ४०० जीबी. ज्या ड्राइव्हची कॅश पूर्णपणे रिकाम्या जागेवर अवलंबून असते, तो भरत गेला की कॅश आकसत जाते. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हवर ९० जीबीच मोकळे उरले असतील तर कॅश फार तर ३० जीबीची. ६००० च्या वेगाने ती ५ सेकंदांत भरते. पुढे काय होतं ते मूळ नँडवर ठरतं. चांगल्या टीएलसी ड्राइव्हवर लेखन थेट टीएलसीत सुरू होतं आणि १००० ते २००० मिळत राहतात. त्याच वेळी कॅशमधला जुना डेटा आत हलवायची वेळ आली तर कंट्रोलर दोन्ही कामं एकत्र करतो आणि वेग आणखी निम्मा होतो. क्यूएलसीवर तर तो हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो.

खरा हिशेब करून बघू. सॅमसंग ८७० क्यूव्हीओच्या १ टीबी मॉडेलला उत्पादकाने स्वतः दिलेले आकडे: लेखन ५३० एमबी, कॅश ४२ जीबी, कॅश संपल्यावर ८० एमबी. यावर २०० जीबीचा बॅकअप सलग टाकला तर पहिले ४२ जीबी ८० सेकंदांत जातात. उरलेल्या १५८ जीबींना १९७५ सेकंद, म्हणजे ३३ मिनिटं. पूर्ण कामाचा सरासरी वेग ९७ एमबी पडतो. ड्राइव्हने दिलेला शब्द मोडलेला नाही, माहितीपत्रकात हे सगळं लिहिलेलं आहे. फक्त बॉक्सवर ५३० तेवढं मोठ्या अक्षरांत आहे.

कॅश परत मिळवायला ड्राइव्हला रिकामा वेळ हवा. काही मिनिटं काम थांबलं की कंट्रोलर कॅशमधला डेटा मूळ जागी नेतो. म्हणून मोठी कॉपी दोन-तीन टप्प्यांत, मध्ये विश्रांती देऊन केली तर प्रत्येक टप्पा वेगात जातो. हा उपाय कधीमधीच्या कामाला ठीक. रोज शंभर-दोनशे जीबीचं व्हिडिओ फुटेज उतरवायचं असेल तर क्यूएलसी घेऊच नका, आणि टीएलसी घेतानाही 'कॅश संपल्यानंतरचा वेग' हा आकडा ज्या परीक्षणात मोजलेला आहे तेच परीक्षण वाचा. याउलट गेम साठवणं, फोटो ठेवणं असं मुख्यतः वाचनाचं काम असेल तर क्यूएलसीला नाकं मुरडण्याचं कारण नाही.

एकाच मॉडेलच्या नावाखाली आतली नँड किंवा कंट्रोलर बदलल्याची उदाहरणंही घडली आहेत, २०२१ मध्ये त्यांची बरीच चर्चा झाली. त्यामुळे जुन्या परीक्षणातला आकडा तुमच्या हातातल्या ड्राइव्हला लागू असेलच असं नाही. फर्मवेअरची (ड्राइव्हमधल्या अंगभूत प्रोग्रॅमची) आवृत्ती परीक्षणातल्या आवृत्तीपेक्षा पूर्ण वेगळ्या मालिकेची असेल तर ही शक्यता लक्षात ठेवा.

भरलेला ड्राइव्ह आणि न पोचलेलं ट्रिम

नँडमध्ये लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. पान साधारण १६ केबीचं असतं आणि पुसायचं झालं तर कित्येक एमबींचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. ब्लॉकमध्ये थोडा डेटा कामाचा, थोडा रद्द असेल, तर कामाचा आधी दुसरीकडे लिहायचा आणि मग ब्लॉक पुसायचा. ड्राइव्ह ८५-९० टक्के भरला की रिकामे ब्लॉक मिळत नाहीत आणि ही हलवाहलव तुमच्या लेखनाच्या मध्येच होते. तुम्ही १ जीबी लिहिता, नँडवर २-३ जीबी लिहिलं जातं. म्हणून १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवा, एवढी एकच सवय बाकीच्या साऱ्या युक्त्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पण विंडोजमध्ये फाइल डिलीट केली म्हणजे ड्राइव्हला ते कळलं असं नाही. ते ट्रिम आज्ञेमुळे कळतं. ट्रिम पोचत नसेल तर निम्मा रिकामा दिसणारा ड्राइव्हही स्वतःला भरलेलाच समजतो. विंडोजमध्ये 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइज ड्राइव्ह्ज' उघडा. प्रकाराच्या रकान्यात 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' आणि शेवटच्या वेळेच्या रकान्यात अलीकडची तारीख हवी. तिथे 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' दिसत असेल तर ट्रिम जात नाही, उलट डीफ्रॅग होण्याचा धोका असतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'विनसॅट फॉर्मल' चालवलं की बहुधा प्रकार नीट ओळखला जातो. लिनक्सवर एफएसट्रिमचा (ट्रिम पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा) आठवड्याचा टायमर चालू आहे का बघा. ल्यूक्स या लिनक्सच्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर ट्रिम मुळात बंद असतं, ते मुद्दाम चालू करावं लागतं. यूएसबीच्या स्वस्त खोक्यांतून आणि अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या जुन्या रेड कंट्रोलरमधून ट्रिम पुढे जात नाही, हेही सामान्य आहे.

करवतीच्या दात्यांसारखा आलेख: तापमान

वेग ६०००, मग १२००, पुन्हा ६००० असा ठरावीक अंतराने हलत असेल तर कंट्रोलर तापून स्वतःला आवरतोय. बहुतेक एनव्हीएमई ड्राइव्ह ८० अंश सेल्सिअसच्या आगेमागे वेग उतरवू लागतात, नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो. तापतो तो मुख्यतः कंट्रोलर, नँडला थोडी ऊब त्रासदायक नसते. पीसीआयई ५.० चे सुरुवातीचे ड्राइव्ह तर जोरात लिहिताना १० वॅटच्या वर जातात, ते हीटसिंकशिवाय चालवायचेच नाहीत.

अंदाजावर जाऊ नका, पुरावा ड्राइव्हमध्येच नोंदलेला असतो. एनव्हीएमईच्या स्मार्ट माहितीत (ड्राइव्ह स्वतः ठेवतो त्या तब्येतीच्या नोंदीत) 'वॉर्निंग कॉम्पोझिट टेंपरेचर टाइम' अशी ओळ असते. ड्राइव्हने इशाऱ्याच्या तापमानावर किती मिनिटं काढली ते तिथे साठतं. मोठी कॉपी करण्याआधी आणि नंतर तो आकडा पाहा. वाढला तर तापमानच कारण. काही ड्राइव्ह इशाऱ्याच्या पातळीपर्यंत पोचण्याआधीच वेग उतरवतात, त्यांच्यात हा आकडा शून्य राहू शकतो. म्हणून कॉपी चालू असताना तापमानाकडेही लक्ष ठेवा.

हीटसिंक आहे तरी तापतोय? तो काढून थर्मल पॅड बघा. पॅडवरची पातळ पारदर्शक फिल्म सोलायचीच राहून गेली, हा अगदी नेहमी सापडणारा प्रकार आहे. फिल्म असेल तर पॅड चिकटलेला दिसतो पण उष्णता नीट जात नाही. दुसरं, पॅड कंट्रोलरच्या चिपवर टेकतोय का? नँडची उंची आणि कंट्रोलरची उंची वेगळी असू शकते. पॅडवर कंट्रोलरचा चौकोनी ठसा उमटलेला नसेल तर तिथे हवेची फट आहे. फार जाड पॅड दाबून बसवू नका, पट्टी वाकते. ड्राइव्ह ग्राफिक्स कार्डाच्या खाली असेल तर हीटसिंकपेक्षा केसमधल्या हवेची दिशा महत्त्वाची, कारण कार्डाची गरम हवा थेट त्याच्यावर येते. लॅपटॉपमध्ये जागा नसते. तिथे पातळ तांब्याची पट्टी आणि दोन्ही बाजूंऐवजी एकाच बाजूला चिपा असलेला ड्राइव्ह, एवढंच हातात असतं.

डीरॅम नसलेला ड्राइव्ह

कुठला डेटा नँडमध्ये कुठे आहे याचा नकाशा ड्राइव्हला लागतो. दर ४ केबीला ४ बाइटांची नोंद, म्हणजे १ टीबीला सुमारे १ जीबी. महाग ड्राइव्हमध्ये त्यासाठी तेवढी डीरॅम (वेगवान तात्पुरती मेमरी) असते. स्वस्त एनव्हीएमई ड्राइव्ह संगणकाच्या रॅममधून थोडा भाग उसना घेतात, साधारण ६४ एमबी. त्यात ६४ जीबी डेटाचाच नकाशा मावतो. क्रिस्टलडिस्कमार्क १ जीबीच्या फाइलवर चाचणी घेतं, त्यामुळे तिथे ही उणीव दिसतच नाही. ती दिसते शेकडो जीबींच्या डेटाबेसवर किंवा अनेक व्हर्च्युअल मशीन एकत्र चालवताना. साटाला आणि यूएसबीच्या खोक्यांना ही उसनवारीची सोयच नाही. म्हणून डीरॅम नसलेला एनव्हीएमई ड्राइव्ह आत लावल्यावर बरा चालतो आणि तोच खोक्यात घालून बाहेर लावला की अडखळतो.

संगणकाच्या बाजूच्या गोष्टी

कॉपी दोन टोकांची असते हे विसरलं जातं. स्रोत हार्ड डिस्क असेल तर सहसा १५०-२०० च्या फार वर काही मिळणार नाही, गिगाबिट नेटवर्क असेल तर ११०-११८. टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही डिस्कांचा सक्रिय वेळ शेजारी ठेवून बघा. जी १०० टक्क्यांवर आहे ती अडवतेय. एकाच एसएसडीवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी केली तर वाचन आणि लेखन दोन्ही त्याच्यावर पडतं, तेव्हा बॉक्सवरच्या आकड्याच्या निम्म्याचीही अपेक्षा ठेवू नका.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर प्रत्येक तुकड्याचं एन्क्रिप्शन प्रोसेसर करतो. सप्टेंबर २०१९ पासून विंडोज ड्राइव्हच्या हार्डवेअर एन्क्रिप्शनवर आपणहून विसंबत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुधा आपोआप चालू होतं. छोट्या मागण्यांमध्ये याचा फटका मोठ्या सलग फायलींपेक्षा जास्त बसतो. लॅपटॉपवर मात्र निव्वळ आकड्यासाठी ते बंद करू नका. लॅपटॉप चोरीला गेला तर त्यातल्या कागदपत्रांची किंमत या घटीपेक्षा फार जास्त असते. अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल उघडून तपासतो, त्यामुळे लाखभर छोट्या फायलींची कॉपी त्याच्यामुळेही मंदावते. अशा फायली आधी एका झिपमध्ये बांधून मग हलवणं हा सोपा उपाय.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या 'पॉलिसीज' पानावर राइट कॅशिंगची खूण हवी. तिच्या खालची, बफर फ्लशिंग बंद करणारी दुसरी खूण करू नका. चाचणीत आकडा वाढतो, पण वीज गेली की डेटा जातो.

साटा ड्राइव्ह असेल तर बायोसमध्ये साटा चालवण्याची पद्धत 'एएचसीआय' हवी, जुनी 'आयडीई' नको. विंडोज आधीच आयडीईवर बसवलेलं असेल तर थेट बदलू नका, निळा पडदा येईल. आधी 'एमएसकॉन्फिग'मधून सेफ बूटची खूण करा, मग बायोसमध्ये बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, नंतर खूण काढा. जुन्या हार्ड डिस्कवरून क्लोन केलेल्या ड्राइव्हवर पार्टिशनची सुरुवात तपासा. 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये सुरुवातीचा ऑफसेट बाइटांत दिसतो. १०,४८,५७६ ला ४०९६ ने भागलं की बरोबर २५६ येतात, ते योग्य. जुन्या पद्धतीत सुरुवात ६३ व्या सेक्टरला असे, म्हणजे ३२,२५६ बाइट, भागाकार ७.८७५. तिथे प्रत्येक ४ केबीची मागणी दोन तुकड्यांवर पडते आणि छोट्या लेखनाचा वेग घसरतो.

एक वेगळाच प्रकार: नव्या फायली वेगात वाचल्या जातात, वर्षभरापूर्वीच्या रेंगाळतात. सेलमधला भार काळानुसार सरकतो आणि कंट्रोलरला पुन्हा पुन्हा वाचून चुका दुरुस्त कराव्या लागतात. २०१४ मध्ये सॅमसंग ८४० ईव्हीओवर हे मोठ्या प्रमाणावर दिसलं आणि कंपनीला फर्मवेअर काढावं लागलं. आजही असं दिसलं तर फर्मवेअर अद्ययावत करा आणि तो डेटा बाहेर काढून पुन्हा लिहा.

चाचणी कशी घ्यायची, आणि दुकानात कधी जायचं

ड्राइव्हवर किमान २० टक्के जागा मोकळी करा, ट्रिम चालवा, अर्धा तास संगणक चालू पण रिकामा ठेवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा. डाउनलोड, क्लाउड सिंक, अँटिव्हायरसचं स्कॅन थांबवा. क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये सलग चाचणीची पहिली ओळ, ८ च्या रांगेची, १ जीबीवर चालवा. जाहिरातीशी तुलना फक्त याच ओळीची. मग ६४ जीबीवर एकदाच चालवून कॅशचा अंदाज घ्या. ही चाचणी वारंवार नको, तिच्यात बरंच लेखन होतं.

पहिल्या ओळीत जोडणीच्या मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या आसपास आकडा आला तर ड्राइव्ह ठीक आहे. ट्रान्सफर मोडमध्ये दोन्ही मूल्यं सारखी, तापमान ७० च्या खाली, जागा मोकळी, फर्मवेअर अद्ययावत, आणि तरीही सलग वाचन छापलेल्या आकड्याच्या निम्म्याच्या खाली येत असेल तर तो दुसऱ्या संगणकावर लावून बघा. तिथेही तसंच आलं तर स्मार्टमधल्या 'मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स' या ओळीकडे बघा. ती शून्य नसेल तर आधी बॅकअप घ्या. साटा ड्राइव्हवर 'सीआरसी एरर' (वाटेत डेटा बिघडल्याची नोंद) वाढत असेल तर मात्र ड्राइव्हऐवजी केबल बदला. वॉरंटीच्या दाव्यासोबत दोन्ही संगणकांवरचे चाचणीचे आणि स्मार्टचे स्क्रीनशॉट जोडा आणि ट्रान्सफर मोडची ओळ त्यात दिसेल असं बघा, कारण सर्व्हिस सेंटर पहिला प्रश्न स्लॉट कोणता हाच विचारतं.